औषध पानावर नको, पोंग्यात: मक्यावरच्या लष्करी अळीचा बंदोबस्त

कर्नाटकी बेंदूर झाला. मृगाच्या पावसावर टोकणलेला मका आता चार-पाच पानांवर आलाय, कोळपणीची घाई सुरू आहे. लष्करी अळी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांच्या सुरळीत, उतरते ती याच दिवसांत. उगवणीपासून महिनाभर आठवड्यातून दोनदा शिवारात शिरून पोंगे उघडून बघितले, तर पुढं फार काही हातातून जात नाही. पण मका कमरेला लागला, पानांची चाळण झाली, की मग औषधाचं दुकान गाठणारेच आपल्याकडं जास्त. मीही त्यातलाच होतो.

2019 च्या खरिपात दीड एकरावर दोनदा औषध मारलं. दोन्ही वेळा सकाळी दहाच्या पुढं, ऊन चढल्यावर, पाठीवरचा पंप घेऊन पानांवरून झपाझप. पानं ओलीचिंब झाली, अळी मजेत राहिली. दुसऱ्या फवारणीनंतर चौथ्या दिवशी चिडून एक ताट उपटलं आणि पोंगा उभा चिरला. बाहेरच्या पानांवर औषधाचे डाग वाळलेले. आत बोटभर खोल, ओल्या लाकडी भुशासारख्या विष्ठेचं बूच बसलेलं, आणि त्याखाली अळी सुखरूप. दुकानदाराला शिव्या देऊन झाल्या होत्या, पण औषधात खोट नव्हती. ते तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

ही अळी मूळची अमेरिका खंडातली. आपल्या देशात ती पहिल्यांदा सापडली मे 2018 मध्ये, आपल्याच कर्नाटकात, शिवमोग्ग्याला. जोंधळ्यावर झुंडीनं येणारी जुनी लष्करी अळी म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे. ही तिच्यापेक्षा वेगळी. ओळखायची खूण सोपी. मोठी अळी तळहातावर घ्या. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटं काढल्यासारखी फिकट रेघ दिसते, आणि शेपटाकडच्या शेवटून दुसऱ्या वळीवर चार काळे ठिपके चौकोनात बसलेले असतात. रेघ आणि चौकोन दोन्ही दिसले तर ही तीच.

आपल्या बेळगावकडच्या भागात तिला बाराही महिने खायला मिळतं. घटप्रभा आणि मलप्रभेच्या कालव्याखाली उन्हाळी मका असतो, खरिपात तर सगळीकडंच, मग रब्बीत मका आणि जोंधळा. पतंग एका रात्रीत वाऱ्यावर शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळं बांधाला बांध लावून कुणाची पेर मागं-पुढं झाली की उशिराच्या मक्यावर सगळी झुंड उतरते. गल्लीतल्या चार घरांनी बसून पेरणीचा आठवडा एकच धरला, तर निम्मं काम फुकटात होतं. दरवर्षी बोलतो आणि दरवर्षी कुणाचं तरी बियाणं उशिरा येतं, ते सोडा.

पावसाचंही गणित आहे. जोराचा पाऊस पोंग्यात साठला की बारीक अळ्या बुडून मरतात, म्हणून खानापूरकडच्या झडीत तिचा जोर कमी राहतो. बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाककडं पाऊस आठ-दहा दिवस उघडला की ती डोकं वर काढते. उघडीप पडली की शिवारात जायचंच, असं ठरवून टाका.

मादी एका ठिकाणी शे-दीडशे अंडी घालते, पानावर, आणि वर करड्या लोकरीसारखं पांघरूण घालते. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. पिल्लं पानाचा हिरवा गर खरवडून खातात, पापुद्रा ठेवतात. पानावर कागदासारखे पांढरे चट्टे दिसतात. मग ती धाग्याला लोंबकळत वाऱ्यानं शेजारच्या ताटांवर जातात. मोठी होता होता एकमेकींना खातात, म्हणून शेवटी एका पोंग्यात बहुधा एकच दांडगी अळी सापडते. अळीचा काळ दोन ते तीन आठवड्यांचा, आणि एकूण खाण्यातला मोठा वाटा ती शेवटच्या आठवड्यात उरकते. म्हणजे पानाला मोठी भोकं दिसतात तेव्हा तिचं जेवण उरकत आलेलं असतं. त्यानंतर ती जमिनीत उतरून कोष करते आणि तुमचं औषध रिकाम्या पोंग्यात पडतं. पांढरे चट्टे दिसले तो दिवस खरा औषधाचा. नुसती अंडीच दिसली तर तेवढं पान खुडून चिरडा, त्याला औषध लागत नाही.

बघायचं कसं? बांधाकडच्या चार-पाच ओळी सोडून आत शिरायचं. नागमोडी चालत पाच ठिकाणी थांबायचं, प्रत्येक ठिकाणी वीस ताटं मोजायची. शंभरातल्या किती ताटांवर ताजे चट्टे किंवा ओली विष्ठा आहे, तोच टक्का. पहिल्या तीन-चार आठवड्यांत शंभराला पाच ताटं लागलेली दिसली की हात चालवायचा. पाच ते सात आठवड्यांचा मका असेल तर दहापर्यंत थांबता येतं. त्याहून मोठा, तुऱ्याच्या आधीचा मका वीस टक्क्यांपर्यंत सोसतो. पीक कोवळं तेवढं कमी सोसायचं. एकरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाच्या गोळीनं नर पतंग ओढणारे) लावले तर पतंग कधी उतरले ते आधी कळतं. सापळ्यातली गोळी फक्त याच अळीच्या पतंगाची हवी, दुकानातून घेताना तेवढं विचारून घ्या.

कमी प्रमाणात दिसली तर आधी साधे उपाय. नऊ भाग कोरडी बारीक वाळू, एक भाग चुना, मिसळून चिमूटभर पोंग्यात. घरची दोन-तीन माणसं असतील तर एकराचं काम होऊन जातं, आणि महिनाभराच्या आतल्या मक्याला याचा चांगला उपयोग होतो. शिवाय निंबोळी अर्क: पाच किलो निंबोळीची भरड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, थोडा साबणाचा चुरा घालून शंभर लिटर पाणी करायचं. अंडी आणि बारीक अळ्यांवर हा अर्क चालतो. दांडग्या अळीवर त्याचा भरवसा धरू नका.

पाऊस-पाण्याच्या दिवसांत, विशेषतः श्रावणाकडं, पानाला चिकटून कडक झालेली, पांढऱ्या बुरशीनं माखलेली आणि पुढं हिरवट पडलेली अळी दिसेल. ती काढून फेकू नका. नोमुरिया नावाची ती मित्रबुरशी आहे, तिच्यामुळं शेजारच्या अळ्याही मरतात. दमट हवेत अशा अळ्या बऱ्याच दिसायला लागल्या तर औषधाचा खर्च चार दिवस थांबवून बघायला हरकत नाही. हीच बुरशी किंवा मेटारायझियम पाकिटात मिळते. संध्याकाळी, हवेत ओल असताना मारायची. मिळते का ते शेतीखात्याच्या रयत संपर्क केंद्रात, नाहीतर मत्तीकोप्प किंवा तुक्कानट्टीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

टक्का ओलांडला तर मात्र रासायनिक औषध. इमामेक्टिन बेंझोएट 5 एसजी (पाण्यात विरघळणारे दाणे) लिटरला 0.4 ग्रॅम, किंवा क्लोरअँट्रानिलीप्रोल 18.5 एससी (दाट द्रव) लिटरला 0.4 मिली, किंवा स्पिनेटोरॅम 11.7 एससी लिटरला 0.5 मिली. यातलं एकच घ्यायचं, तिन्ही एकत्र ढवळायची नाहीत. पंधरा लिटरच्या पंपाला इमामेक्टिन सहा ग्रॅम होतं. टोपणानं अंदाज न घेता दुकानातून छोटं माप मागून घ्या. एकराला दोनशे लिटर पाणी जायला हवं. पाच-सहा पंपांत एकर उरकला असेल तर पोंगे भिजलेलेच नाहीत. उन्हं कलल्यावर सुरुवात करायची, कारण अळी रात्री बाहेर येऊन खाते. नोझल ताटाच्या डोक्यावर आणून तोंड पोंग्यात, प्रत्येक ताटापाशी क्षणभर थांबायचं. हे थांबणं मजुराला नको असतं. त्याला एकरावर मजुरी असते, मग तो पळतो. मी आता रोजंदारीनं लावतो.

दुसऱ्या फवारणीची वेळ आली तर औषधाचा गट बदला, म्हणजे अळीला वेगळ्या तऱ्हेनं मारणारं औषध घ्या. इथं एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. बियाणं सायअँट्रानिलीप्रोल आणि थायामेथोक्झामच्या मिश्रणानं चोळून आलं असेल, तर पहिले दोन-तीन आठवडे ते राखण करतं. पण सायअँट्रानिलीप्रोल आणि क्लोरअँट्रानिलीप्रोल एकाच गटातली. पहिली फवारणीही क्लोरअँट्रानिलीप्रोलची केली तर अळीला त्याच गटाची सवय लावल्यासारखं होतं. पिशवीवर काय लिहिलंय ते वाचा. आपल्या घरात कन्नड शाळेतली पोरं असतातच, त्यांच्याकडून वाचून घ्या, त्यात कमीपणा नाही. आणि पूर्वी पोंग्यात फोरेटचे दाणे टाकायचे ते आता विसरा. 2020 संपल्यापासून फोरेटवर देशात बंदी आहे. जुना डबा माळ्यावर पडला असेल तर वापरू नका.

दांडगी अळी फवारणीला दाद देत नाही. तिच्यासाठी आमिष: दहा किलो भाताचा कोंडा, दोन किलो गूळ, दोन-तीन लिटर पाणी, एक दिवस आंबवायचं. टाकायच्या अर्धा तास आधी शंभर ग्रॅम थायोडिकार्ब मिसळायचं आणि हातमोजे घालून चिमटीनं पोंग्यात सोडायचं. एवढं एका एकराला पुरतं. गुळाचा वास कोंबड्यांना आणि कुत्र्यालाही येतो, भांडं दारात ठेवू नका.

प्रत्येक मेलेला पोंगा लष्करी अळीचाच असतो असं नाही. मधली सुरळी वाळून पिवळी पडली आणि ओढल्यावर सहज हातात आली, तर तो खोडकिडा. त्याची आणखी एक खूण म्हणजे उघडलेल्या पानावर आडव्या एका ओळीत बारीक गोल भोकं. लष्करी अळीची भोकं वेडीवाकडी, फाटकी. खोडकिड्याची ताटं उपटून बांधावर न टाकता जनावरांना घाला नाहीतर गाडा. तुऱ्यावर काळसर मावा दिसला की लोक घाबरतात. मावा खाणारे लालसर ढालकिडे फिरताना दिसत असतील तर त्यावर औषध मारू नका.

तुरा पडल्यावर, कणसाला केस फुटल्यावर औषध मारायचं नाही. अळी तोवर पाल्याच्या आत कणसात शिरलेली असते, औषध पोचत नाही. परागावर मधमाश्या असतात. आणि डोक्यापेक्षा उंच मक्यात उभं राहून वर फवारलं की सगळा फवारा आपल्याच तोंडावर येतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते विसरायला नको. शेंड्याला किडलेली कणसं मोडणीच्या वेळी वेगळी काढा, चांगल्या मालात मिसळली तर बुरशी सगळ्या ढिगाला लागते.

निपाणी-चिकोडीकडं म्हशींसाठी हिरव्या वैरणीचा आणि मुरघासाचा मका बराच असतो. त्यावर आमिष अजिबात नको. वाळू-चुना आणि निंबोळी अर्कावर भागवा, आणि नाइलाजानं औषध मारलंच तर पाकिटावर लिहिलेले दिवस भरल्याशिवाय विळा लावू नका. तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. वैरण कापायला जाणारा माणूस दरवेळी फवारणारा नसतो.