गटाकडून काम करून घ्यायचंय?

आधी माणसं मोजा. पाच-सहा जण पुरे. दहा जण लागतीलच असं वाटत असेल, तर बहुधा कामाचे दोन तुकडे पाडायचे राहिलेत. पाच जणांत बोलणाऱ्यांच्या जोड्या 10 होतात, दहा जणांत 45. माणसं दुप्पट, निरोपानिरोपी साडेचारपट! ‘त्यांना वाईट वाटेल’ म्हणून कुणाला गटात घेऊ नका. त्यांना इतिवृत्त पाठवा, तेवढं पुरतं.

मग नावं. ‘सगळ्यांनी मिळून बघायचे’ असं इतिवृत्तात आलं की ते काम कुणीच बघत नाही. माझ्या तक्त्यात तीनच रकाने असतात: काम, एक नाव, तारीख. नावाच्या रकान्यात ‘टीम’ दिसलं की मी कागद परत पाठवते. मदतीला चौघं असोत, विचारायचं कुणाला ते ठरलेलं हवं. हा माझा खडूसपणा नाही. रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. 1913 साली छापलेल्या त्याच्या आकड्यांत आठ जणांचा जोर जेमतेम चौघांइतका भरला. थोडा जोर ताळमेळ नसल्याने वाया जातो, हे खरं. पण पुढे टाळ्या वाजवण्याच्या आणि ओरडण्याच्या प्रयोगांत दिसलं की लोक अंगही राखतात, आणि प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजला जातोय हे कळलं की ते अंग राखणं बरंचसं थांबतं.

बैठकीत सगळ्यात जास्त नुकसान करतो तो पहिला बोलणारा, त्यातून तो साहेब असेल तर विचारूच नका. म्हणून विषय मांडला की पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकाने कागदावर लिहायचं. वाचायला सुरुवात सगळ्यात नव्या माणसापासून, साहेब शेवटी. एक प्रश्न मुद्दाम लिहायला द्या: ‘या खोलीत फक्त तुम्हालाच माहीत असेल असं काय आहे?’ गट सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवरच तासभर बोलत बसतो, आणि जे एकालाच माहीत असतं ते त्याच्याच वहीत राहतं.

चूक झाल्याची बातमी कुणी आणली तर पहिला प्रश्न ‘कुणी केलं?’ हा नको, ‘आत्ता काय थांबवायचं?’ हा हवा. गटांचा अभ्यास करणाऱ्या संशोधक एमी एडमंडसन यांना इस्पितळांत अपेक्षेच्या उलटंच दिसलं होतं: ज्या चमूंचं आपसात चांगलं जमायचं, तिथे औषधांच्या चुकांची नोंद जास्त. चुका तिथे जास्त होत होत्या असं नव्हे, लपत नव्हत्या. तुमच्या गटात महिनाभर एकही अडचण कानावर आली नसेल, तर खूश होऊ नका, एकेकाला बाजूला घेऊन विचारा.

सुरुवातीची कुरबुर चालू द्या. मुद्द्यावर असेल तोवर मध्ये पडू नका, माणसावर घसरली की त्याच दिवशी थांबवा.

आणि गट मोडायची तारीख पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा. काम संपूनही दर सोमवारी जमणारे गट मी पुष्कळ पाहिलेत.