अक्षर बिघडतं कुठे? प्राथमिक शाळांनी या चुका टाळा

सोलापुरातल्या शाळांत सुलेखनासाठी बोलावणं आलं की तक्रार ठरलेली असते: "मुलांचं अक्षर फार खराब आहे हो सर." मी वह्यांआधी वर्गातले फळे बघतो. चार वर्गांच्या चार फळ्यांवर चार तऱ्हेची अक्षरं असतील, तर पोरांना बोल लावण्यात अर्थ नाही.

पूर्व भागातल्या एका शाळेत दुसरीतली मुलगी होती. घरी तेलुगू, पण मराठी अक्षराचं वळण सुरेख. तरी वहीत प्रत्येक 'ल' आणि 'श'वर लाल फुली. पहिलीच्या बाईंनी पाकळीचा, म्हणजे उभ्या दांडीशिवायचा ल शिकवलेला, दुसरीच्या गुरुजींना दांडीचा हवा; 'श'च्या वळणाचीही तीच गत. पोरीने दोन्ही मिळून तिसराच ल काढायला घेतला होता, आणि तो आला की पेन्सिल उचलून गुरुजींकडे बघायची. शासनाने २०२२ मध्ये पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श नक्की केला आहे, मग हा वाद वर्गात कशाला?

त्या दुपारी सगळ्या शिक्षकांना फळ्यावर अ, क, ख, झ लिहायला लावलं. कोणी 'क'ची दांडी आधी ओढली, कोणी गोल आधी काढला. दोघांचा 'ख' इतका फाकलेला की 'खाऊ'चा 'रवाऊ' झाला. 'ख'मधल्या 'र'चं टोक 'व'ला खाली जोडून घ्यायचं, एवढंही कधी आपसात ठरलं नव्हतं. म्हणून माझा आग्रह असतो: जूनमध्ये शाळा उघडताच पहिल्या बैठकीत हे ठरवा, बाण दाखवून एक तक्ता शाळेतल्याच शिक्षकाकडून हाताने लिहून घ्या आणि तोच सगळ्या वर्गांत लावा. गणिताच्या तासालाही तेच वळण पाळायचं. विकतचा चकचकीत तक्ता नको, त्यात हात कुठून कुठे फिरला ते कळत नाही.

दुसरी चूक म्हणजे "दहा वेळा लिहून आण." अशी वही नीट बघा. पहिली ओळ बरी असते, कारण ती नमुना बघून लिहिलेली. दुसरी ओळ मूल पहिलीवरून उतरवतं, तिसरी दुसरीवरून. शेवटच्या ओळीपर्यंत 'भ'ची गाठ सुटून त्याचा 'म' झालेला असतो, आणि तोच 'म' हातात पक्का बसतो. शिक्षा म्हणून लिहायला लावलं तर आणखी वाईट. मी तीनच ओळी देतो, प्रत्येक ओळीच्या डोक्यावर नवा नमुना. मग त्यातलं सगळ्यात चांगलं अक्षर मुलालाच गोल करायला सांगतो. वेळ लागतो, पण मला दुसरा उपाय माहीत नाही.

नवे शिक्षक घाई करतात ती 'अ'पासून. 'अ' अवघड आहे. व-ब-क, ग-म-भ-न, ट-ठ-ढ अशा एका वळणाच्या जोड्या आधी घ्या.

अक्कलकोटकडून कन्नड माध्यमातून आलेली काही मुलं प्रत्येक अक्षरावर सुटी छोटी रेघ देतात. कन्नडमध्ये तसंच असतं, त्यांना रागावू नका. शब्द पूर्ण लिहू द्या, मग एकसलग शिरोरेषा.

बोटभर उरलेली पेन्सिल काढून घ्या, मुठीत धरायची सवय तिथूनच लागते.

पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या.

डावखुऱ्या मुलाला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, वही उजवीकडे कलू द्या. हात बदलायला लावणं हा अन्याय आहे.

जेल पेन चौथीपर्यंत नको.

आणि मे महिन्यातले "दहा दिवसांत मोत्यासारखं अक्षर" वाले वर्ग. पालकहो, त्या पैशांत दुरेघी वह्या आणा आणि रोज जेवणाआधी मुलाशेजारी बसून तीन ओळी लिहून घ्या.