मेकला कॅमो चढवताय? आधी लांबून बघा

टेक्स्चर, यूव्ही, मास्क हे तुम्हाला माहीत आहे असं धरूनच लिहितेय, तिथे वेळ घालवत नाही. गेममधल्या दहा-पंधरा मीटर उंचीच्या मेकच्या, म्हणजे आत माणूस बसून चालवतो त्या अवाढव्य रोबोटच्या, रंगसंगतीचं काम नव्याने घेणारे बहुतेक जण एकाच खड्ड्यात पडतात, मीही पडलेय आणि बराच काळ आत बसून होते, त्यामुळे सगळ्यात आधी तो खड्डाच.

होतं काय, तुम्ही मॉडेल व्ह्यूपोर्टमध्ये उघडता, स्क्रीनभर रोबोट, वरून मस्त स्टुडिओ लाइट, आणि त्यावर बारीक चौकोनांचा हिरवा-तपकिरी-काळा डिजिटल कॅमो चढवता. दिसतो एकदम भारी. मग गेममध्ये टाकता आणि समोरच्या टेकडीवर उभा दिसतो एक मळकट राखाडी ठोकळा. पॅटर्न गायब. मग माणूस काय करतो, सॅच्युरेशन वाढवतो. आता मळकट हिरवा ठोकळा. मग तपकिरी बदलतो, काळा गडद करतो, दिवसच्या दिवस जातात आणि दोष मुळात रंगात नसतोच.

साधा हिशेब करा. १०८० ओळींची स्क्रीन, कॅमेऱ्याचा उभा कोन ६० अंश, रोबोट १२ मीटरचा. तो साधारण १९० मीटरवर गेला की स्क्रीनवर त्याची उंची उरते जेमतेम ६० पिक्सेल, म्हणजे मीटरला ५. तुमचा लाडका चौकोन ३० सेंटिमीटरचा असेल तर त्याच्या वाट्याला आला दीड पिक्सेल. आता दीड पिक्सेलमध्ये काय दिसणार, सांगा. त्यात मिपमॅप. टेक्स्चर ४०९६ चं असलं तरी लांबून इंजिन २०४८, १०२४, ५१२ अशा लहान आवृत्त्या वापरत जातं, त्यामुळे ८ पिक्सेलचा चौकोन ५१२ ला पोचेपर्यंत एका पिक्सेलचा होतो आणि पुढच्या पायरीला शेजाऱ्यांत मिसळून सरासरी होऊन बसतो. गडद हिरवा, तपकिरी आणि काळा यांची सरासरी म्हणजे तोच मळकट रंग. वरून धुकं काळ्याला उचलून निळसर राखाडी करतं, म्हणजे उरलासुरला कॉन्ट्रास्टही गेला.

मग ठिपके मोठे करायचे ना? हो, पण नुसते मोठे केलेत तर दुसरीकडून मार बसतो. अख्ख्या अंगावर चारच मोठे पट्टे मारले की १२ मीटरचा रोबोट खेळण्यातला वाटायला लागतो, कारण डोळा आकाराचा अंदाज बारीक गोष्टींवरून घेतो. म्हणून दोन थर लागतात. दोन-तीन मीटरचे मोठे आकार, जे ६० पिक्सेलच्या रोबोटवरही दहा-पंधरा पिक्सेल धरून टिकतात, आणि त्यांच्या कडांना व पोटात बारीक तुकडे, जवळून बघणाऱ्यासाठी. खरा आकार सांगायचं काम शिडीच्या पायऱ्या, हॅच, इशाऱ्याच्या स्टेन्सिल, पॅनेलचे नंबर हे करतात, ते माणसाच्या मापाचेच ठेवा. कॅनडाच्या लष्कराचा कॅडपॅट किंवा अमेरिकन मरीन्सचा मारपॅट हे गणवेशांवरचे डिजिटल कॅमो नीट बघा, त्यातले बारीक चौकोन मिळून मोठे डाग तयार होतात. लोक चौकोन तेवढे उचलतात आणि डाग विसरतात.

आणि हे मोठे आकार उजळपणात वेगळे हवेत, नुसते रंगछटेत नाही. हिरव्याशेजारी तेवढाच गडद तपकिरी ठेवलात तर लांबून दोन्ही एकच. चाचणी फुकट आहे: स्क्रीनशॉट ग्रेस्केल करा, रोबोट ६० पिक्सेल उंच होईल इतका लहान करा, आकार ओळखू येतात का बघा. हे शेवटी नाही करायचं हो, पहिल्याच दिवशी, रफ ब्लॉकिंगला. सगळं डिटेलिंग संपवून मग ही चाचणी केली तर रडू येतं, विचारा मला.

घाबरू नका मात्र. चित्रकला कच्ची असेल तरी हे काम जमतं, हात कमी आणि मोजमाप जास्त लागतं यात.

बाकीच्या भानगडी पटापट. आधी मेटॅलिक, म्हणजे पृष्ठभाग उघडा धातू आहे का हे सांगणारी ० ते १ ची किंमत. रोबोट धातूचा म्हणून अख्खं अंग मेटॅलिक १ करू नका, वर रंग आहे ना, रंगाला मेटॅलिक ० च, फक्त खरवडलेल्या जागी १. नाहीतर तुमचा कॅमो आभाळाचं प्रतिबिंब दाखवत फिरेल. रफनेसही (पृष्ठभागाचा खरखरीतपणा) चढा ठेवा, चकाकणारा कॅमो म्हणजे विनोद. शुद्ध काळा-पांढरा टाळा, बेस कलर (मूळ रंग) ० ते २५५ च्या मापात साधारण ३० ते २४० मध्ये ठेवा. मास्कच्या टेक्स्चरवर एसआरजीबी (रंगीत चित्रांसाठीचं उजळपणाचं रूपांतर) बंद करायला विसरलात तर मधली ०.५ ची किंमत इंजिनला ०.२१ च्या आसपास दिसते आणि कडा कुठल्या कुठे सरकतात. हलक्या आणि अवजड रोबोटला एकच पॅटर्न द्यायचा असेल तर दुसऱ्या यूव्ही चॅनेलवर मीटरच्या मापाने टाइल करा, नाहीतर एकावर मुंगीएवढे डाग आणि दुसऱ्यावर गोधडी.

आता ज्यावरून माझं लोकांशी भांडण होतं ते. खूप गेममध्ये रंग तुम्ही निवडतच नाही! मेकवॉरिअर ऑनलाइनमध्ये खेळाडू पॅटर्न घेतो आणि तीन रंग स्वतः भरतो. म्हणजे तुमचं काम मास्क, लाल-हिरवा-निळा चॅनेल, आणि त्यात कोणीतरी गुलाबी, पिवळा, जांभळा भरणारच आहे. भरू दे. आकार चांगले असतील तर गुलाबीतही रोबोट उभा राहतो. आणि लपण्याचं म्हणाल तर सेन्सर, शत्रूवर दिसणारा लाल त्रिकोण आणि थर्मल व्हिजन असलेल्या गेममध्ये रंगाने कोण लपतंय? त्यापेक्षा पहिल्या महायुद्धातला डॅझल हा जहाजं रंगवायचा प्रकार बघा, ब्रिटिश चित्रकार नॉर्मन विल्किन्सनने १९१७ मध्ये मांडलेला. त्यात जहाज लपवायचं नव्हतंच, पाणबुडीवाल्याला त्याची दिशा आणि वेग चुकीचा वाटावा म्हणून तिरके पट्टे होते. प्रत्यक्षात किती जहाजं त्याने वाचली हे नीट सिद्ध झालं नाही, पण आपल्याला कल्पना कामाची: धड एकीकडे, पाय दुसरीकडे अशा रोबोटवर कमरेच्या सांध्यावरून पट्टा आडवा नेला की धड कुठे वळलंय ते चटकन कळत नाही. टीमचा रंग मात्र यात बुडवू नका. तोही लाल विरुद्ध हिरवा नको, उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना तो फरक नीट दिसत नाही. निळा-नारिंगी घ्या, आणि त्यातही एक उजळ, एक गडद.

तयार स्मार्ट मटेरियल, म्हणजे झीज-मळ आपोआप चढवणारं, वापरावं का? वापरा, पण मग सगळ्या कडा सारख्याच झिजलेल्या दिसतात, अगदी बगलेतल्यासुद्धा जिथे काहीच घासत नाही, आणि पोर्टफोलिओ बघणारा दोन सेकंदात ओळखतो. गुरू शोधताना "वा, मस्त" म्हणणारा नको. तुमची इमेज न विचारता छोटी करून बघणारा मिळाला तर त्याला सोडू नका, बोलायला कितीही खडूस असला तरी.

पोर्टफोलिओत एकाच रोबोटचे तीन शॉट टाका: जवळून, गेमच्या अंतरावरून आणि ग्रेस्केलमध्ये. सोबत मास्क उघडा करून दाखवा आणि त्याच मास्कवर तीन वेगळ्या, त्यातली एक मुद्दाम भयंकर, रंगसंगती. टर्नटेबल, म्हणजे मॉडेल गोल फिरवून दाखवणारा व्हिडिओ, नसला तरी चालेल.