बिल्डरला बोलावण्याआधी: सोसायटीच्या पुनर्विकासाची तयारी

भाव चढत्या भागात पुनर्विकासाला उशीर झाला, तर अजून कर्ज न उचललेल्या बिल्डरचं काही बिघडत नाही. नव्या इमारतीतले त्याच्या वाट्याचे फ्लॅट वर्षभराने आणखी महाग विकले जातात. सभासद मात्र भाड्याच्या घरात बसलेले असतात. मुंबईच्या उपनगरांत किंवा पुण्यात जुन्या इमारतीचा विचार सुरू झाला की हे गणित आधी मांडावं, म्हणजे बिल्डरचा नंबर इतका मागे का ठेवायचा ते कळतं.

पहिलं काम जमिनीचं. प्रॉपर्टी कार्ड किंवा सात-बारा ताजा काढून त्यावर नाव कोणाचं आहे ते पाहा. अनेक सोसायट्यांत ते आजही मूळ जमीनमालकाचं किंवा पहिल्या बिल्डरचं असतं. कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर करणं, झालेलं नसेल तर मोफा या फ्लॅट मालकी कायद्याच्या कलम ११ खाली मानीव अभिहस्तांतरणाचा (मालकाच्या सहीशिवाय होणाऱ्या कन्व्हेयन्सचा) अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करता येतो. हे वाटाघाटी सुरू होण्याआधी उरकायचं, कारण ‘ते आम्ही करून देतो’ म्हणणारा बिल्डर त्याची किंमत एफएसआयमधून, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या हक्कातून, वसूल करतो. प्रॉपर्टी कार्डावरचं क्षेत्र, मंजूर नकाशातलं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र ही तीनही जुळवून घ्या. शेजाऱ्याच्या कुंपणात गेलेली पट्टी आणि रस्तारुंदीत जाणारा सेटबॅक इथेच सापडतो. जमीन म्हाडाची किंवा कलेक्टरची असेल तर वाट वेगळी आहे आणि खर्चही वेगळा, तेव्हा भाडेपट्ट्याची मुदत आणि अटी आधी वाचा.

मग मोजणी, आणि यात घाई नको. प्रत्येक घराचं कार्पेट, म्हणजे आतलं वापरायचं क्षेत्र, आर्किटेक्टकडून मोजून, मंजूर नकाशाशी ताडून, सभासदाची सही घेऊन तक्ता करावा. बंद केलेल्या बाल्कन्या, फ्लॉवरबेड, गच्चीवरची खोली यांतलं अधिकृत काय आणि नंतर वाढवलेलं काय, हे वेगळ्या रकान्यांत लिहा. ४५० चौरस फुटांचं घर ४३० धरलं गेलं आणि ३५ टक्के वाढ ठरली, तर नव्या घरात २७ चौरस फूट कमी मिळतात. चौरस फुटाला ३० हजार भाव धरला तर ८ लाख १० हजार रुपये. शिवाय रेरा या स्थावर संपदा कायद्याच्या व्याख्येत घरातल्या आतल्या भिंतींची जाडी कार्पेटमध्ये धरतात, जुन्या पद्धतीत ती धरत नाहीत. त्यामुळे जुनं घर भिंत-ते-भिंत मोजायचं आणि नवं रेरा कार्पेटमध्ये द्यायचं, असं झालं की न दिलेली वाढही दिल्यासारखी दिसते. दोन्ही एकाच मापाने मोजा आणि ते माप करारात लिहा.

सभासदांची कागदपत्रं याच काळात गोळा होऊ द्या: शेअर सर्टिफिकेट, नोंदणीकृत करारांची पूर्ण साखळी, बँकेचं कर्ज असेल तर तिची ना-हरकत. मूळ सभासद वारले असतील तर नुसतं नॉमिनेशन पुरत नाही, वारसांचं निपटावं लागतं. घर पाडायची तारीख ठरल्यावर चार भावंडं चार वकील घेऊन उभी राहिली, तर अख्खी इमारत थांबते.

स्ट्रक्चरल ऑडिट उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी लागतंच. ते बिल्डरच्या ओळखीच्या इंजिनिअरकडून करून घेऊ नये. इमारत सी-१, म्हणजे राहण्यास धोकादायक, ठरली की घर रिकामं करण्याची घाई होते, आणि घाईत असलेल्या सोसायटीला कुणी चांगला देकार देत नाही.

आता प्रकल्प सल्लागार नेमायचा, ज्याला सगळे पीएमसी म्हणतात. त्याची फी सोसायटीने भरावी. बिल्डरकडून परत मिळणार असली तरी आधी आपल्या खात्यातून जावी. त्याच्या व्यवहार्यता अहवालात काय असावं? मुंबईत डीसीपीआर २०३४ या विकास नियमावलीच्या कुठल्या नियमाखाली प्रकल्प बसतो, समोरचा रस्ता किती मीटरचा, प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) किती आणि आजच्या रेडीरेकनरने, म्हणजे सरकारी दराने, त्यांचा खर्च किती, ३५ टक्के फंजिबल, म्हणजे एफएसआयवर मिळणारं जादा क्षेत्र, कसं वापरणार. ३० वर्षं पूर्ण झालेल्या सोसायट्यांना याच नियमावलीच्या ३३(७)(ब) खाली अस्तित्वातल्या बांधीव क्षेत्राच्या १५ टक्के किंवा दर सदनिकेमागे १० चौरस मीटर, यांतलं जे जास्त ते वाढीव मिळू शकतं. हे कुणाच्या वाट्याला जातं, ते विचारायला लोक विसरतात. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर हिशेब फार आखडतो. विमानतळाजवळ, म्हणजे पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला या पट्ट्यात, उंचीची मर्यादा एफएसआयच्या आधी आडवी येते. कागदावर एफएसआय असतो, पण मजले चढत नाहीत. मुंबईबाहेर बहुतेक शहरांत यूडीसीपीआर ही राज्याची एकत्रित नियमावली लागू आहे, तिथले आकडे वेगळे. पलीकडच्या सोसायटीला किती मिळालं यावरून आपली मागणी ठरवायची सवय इथेच सोडावी. तिचा प्लॉट आणि रस्ता वेगळा होता.

हा अहवाल हाती असताना स्वयंपुनर्विकासाचाही हिशेब एकदा मांडून पाहा. नफा सोसायटीकडे राहतो, पण कर्ज, विक्री आणि कंत्राटदार हेही सोसायटीच्याच अंगावर येतात. रोज दोन तास देणारी चार-पाच माणसं इमारतीत नसतील तर आमचा सल्ला ‘नको’ असाच आहे.

सभांची शिस्त सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात आहे. सभेची सूचना १४ दिवस आधी, गणपूर्ती दोन तृतीयांश, संमती ५१ टक्के, विकासक निवडीच्या सभेला निबंधकांचा प्रतिनिधी आणि संपूर्ण चित्रीकरण. सूचनेची पोच प्रत्येकाकडून सहीनिशी घ्या, परदेशातल्या सभासदाला ईमेल आणि टपाल दोन्ही पाठवा. विरोध करणाऱ्याचं म्हणणं इतिवृत्तात जसंच्या तसं येऊ द्या. न्यायालयात सोसायटीला वाचवणारा कागद बहुधा तोच असतो. कमिटीच्या सदस्याचं किंवा त्याच्या नातेवाइकाचं बिल्डरशी नातं नसल्याचंही लेखी हवं.

बिल्डरांची टेंडरं, म्हणजे लेखी देकार, आली की तुलनेच्या तक्त्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्याकडे डोळे जातात. तो आकडा बहुधा कॉर्पसचा, म्हणजे बिल्डर सभासदांना देतो त्या एकरकमी पैशांचा, असतो, आणि आज ठरलेले रुपये चार वर्षांनी तेवढेच राहतात. चौरस फूट मात्र भावाबरोबर वाढतात. घासाघीस करायचीच तर कॉर्पस सोडून कार्पेट मागा. देकार तपासताना बिल्डरचे आधीचे प्रकल्प महारेरा या राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहा: सुरुवातीला दिलेली पूर्णत्वाची तारीख आणि नंतर किती वेळा मुदतवाढ. तिथल्या मूळ सभासदांना भेटून एकच प्रश्न विचारा, भाडं शेवटी कधी वेळेवर आलं?

भाड्याचा दर टेंडरच्या दिवशीचा नको, घर रिकामं करतानाचा हवा. मधे दीड-दोन वर्षं सहज जातात, आणि एकाच गल्लीत पाच इमारती रिकाम्या झाल्या की सगळे त्याच परिसरात घर शोधतात, कारण मुलांची शाळा तिथेच असते. दरवर्षी किमान १० टक्के वाढ, डिपॉझिट, दलाली, सामान हलवण्याचे दोन्ही वेळचे पैसे वेगळे लिहून घ्या. पहिल्या वर्षाचं भाडं खात्यात जमा, पुढच्याचे तारखा टाकलेले चेक, आणि प्रकल्प लांबला तर ताबा मिळेपर्यंत भाडं चालू. पण चेक वटला नाही तर हातात काय? म्हणून बँक गॅरंटी. शासन निर्णयात ती प्रकल्प खर्चाच्या २० टक्के सांगितली आहे. बिल्डर ती कमी करायला बघतो किंवा तिच्याऐवजी काही फ्लॅट तारण देतो. फ्लॅट घेतलेच तर नंबरासह करारात लिहा आणि ओसी, म्हणजे पालिकेचा भोगवटा दाखला, मिळेपर्यंत त्यांच्या विक्रीला बंदी घाला.

विकास करार नोंदणीकृतच हवा, आणि प्रत्येक सभासदाचा पर्यायी जागेचा, म्हणजे नव्या घराचा, करारही वेगळा. करारात जमिनीची मालकी सोसायटीकडे राहते, बिल्डरला फक्त विकासाचे आणि त्याच्या वाट्याच्या विक्रीचे हक्क मिळतात, हे वाक्य पाहा. मूळ सभासदांच्या घरांवर त्याने कर्ज काढू नये, हेही. वाढीव एफएसआय पुढे मंजूर झाला तर वाटणी कशी, हे आजच ठरवा. नियम बदलत राहतात आणि फायदा गप्प बसलेल्याला मिळत नाही. सभासदांच्या सदनिकांवरचा जीएसटी आणि विकास करारावरचं मुद्रांक शुल्क बिल्डरने भरायचं. सभासद पदरचे पैसे घालून जादा जागा घेत असेल तर त्या जागेचं शुल्क त्याचं. टप्प्यांच्या तारखा लिहा आणि तारीख चुकली तर दंड दर महिन्याला किती, तेही. ‘वाजवी काळात’ असे शब्द आढळले तर खोडायला लावा.

महाग घराचा महिन्याचा खर्चही आताच काढा. लिफ्ट, अग्निशमन पंप, यांत्रिक पार्किंग, सांडपाणी प्रक्रिया हे सगळं देखभालीत येतं. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. वरच्या उदाहरणातलं ४५० चं घर ६०७ चं झालं की माफी गेली. निवृत्तिवेतनावरच्या सभासदाने कॉर्पसच्या व्याजातून हा खर्च निघतो का ते कागदावर करून पाहावं. निघत नसेल तर थोडं लहान घर आणि फरकाची रक्कम असा पर्याय कराराआधी मागता येतो, नंतर नाही.

घर रिकामं करायचं ते आयओडी, म्हणजे पालिकेची बांधकामाची प्राथमिक मंजुरी, हाती आल्यावर, बँक गॅरंटी सोसायटीकडे आल्यावर, पर्यायी जागेचे करार नोंदल्यावर आणि भाड्याची रक्कम खात्यात जमा झाल्यावर. यांतलं एक राहिलं असेल तर चावी देऊ नये, शेजारी निघाले असले तरी. निघताना रिकाम्या घराचे फोटो, वीज-गॅस मीटरचे शेवटचे आकडे आणि जुन्या मंजूर नकाशाची प्रत जवळ ठेवा. परतताना ओसीशिवाय ताबा घेऊ नका. आधी सभासदांना ओसी, मग विक्रीच्या फ्लॅटना, असा क्रम करारात असेल तरच तो पाळला जातो. ताब्याच्या दिवशी टेप घेऊन जा, प्रत्येक खोली मोजा, आणि फरक निघाला तर ताबापावतीवर तिथल्या तिथे लिहूनच सही करा.