तीन लिप्यांच्या लोगोत सेरिफ आणि सॅन्स सेरिफ यांची जोडी

बेळगावच्या खडेबाजारातील एखाद्या ‘लक्ष्मी’ नावाच्या कुंद्याच्या दुकानासाठी लोगो करताना कन्नड, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही लिप्यांचा विचार आरंभीच करावा. कारण कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनुसार फलकावर ६० टक्के कन्नड आणि तेही वरच्या अर्ध्या भागात असणे बंधनकारक आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सेरिफ (अक्षराच्या टोकांना छोटी रेघ असलेले वळण) आणि सॅन्स सेरिफ (अशी रेघ नसलेले साधे वळण) यांची वाटणी भाषेनुसार करू नये. कन्नडला डौलदार अक्षर आणि मराठीला उरलेसुरले, किंवा याच्या उलट, असे झाले की एक भाषा मागाहून चिकटवल्यासारखी दिसते, आणि आपल्या भागात ते लगेच खटकते. वाटणी मजकुराच्या महत्त्वानुसार असावी: दुकानाचे नाव तिन्ही लिप्यांत सेरिफ, तर ‘कुंदा व मिठाई’ ही खालची ओळ तिन्ही लिप्यांत सॅन्स सेरिफ.

अक्षराच्या टोकाची आडवी रेघ हे सेरिफचे लक्षण मुळात रोमन लिपीचे आहे. देवनागरी आणि कन्नड अक्षरांत त्याऐवजी रेषेचा जाड-बारीकपणा पाहावा. नावासाठी ‘नोटो सेरिफ’ आणि खालच्या ओळीसाठी ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘अनेक’ हे दोन्ही फॉन्ट तिन्ही लिप्यांत मोफत मिळतात. मात्र ‘लक्ष्मी’मधला ‘ल’ मराठी वळणाचा आहे ना, हे मोठा करून तपासावे. हिंदी वळणाचा ‘ल’ मराठी डोळ्याला परका वाटतो. ‘टिरो देवनागरी मराठी’ या फॉन्टमध्ये हे वळण मुळातच मिळते.

त्यानंतर उंची जुळवावी. फॉन्टचा आकडा सारखा ठेवल्याने अक्षरे सारखी दिसत नाहीत. म्हणून शिरोरेषा इंग्रजीच्या लहान आणि मोठ्या अक्षरांच्या उंचीमध्ये कुठे शोभते, ते नजरेने ठरवावे. कन्नडमध्ये ‘लक्ष्मी’ लिहिताना जोडाक्षरातील ‘ष’ आणि ‘म’ ओळीखाली उतरतात, त्यामुळे त्या ओळीखाली अधिक जागा सोडावी, नाहीतर ते खालच्या शिरोरेषेला टेकतात.

शेवटी लोगो मिठाईच्या खोक्यावरील स्टिकरएवढ्या आकारात एकाच रंगात छापून हातभर अंतरावरून वाचावा. सेरिफच्या बारीक रेषा तुटत असतील, तर अक्षर मोठे करण्याआधी त्याच फॉन्टचे अधिक जाड वजन वापरून पाहावे.