संस्थेला आपलं कौशल्य विनामोबदला देताय? या चुका टाळा

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातल्या एका संस्थेसाठी मी पहिल्यांदा काम केलं, तेव्हा तिच्या यादीतली आठ माणसं माझ्यामुळे गायब झाली.

संस्था पाड्यापाड्यांवर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करायची. चार-पाच वर्षांच्या एक्सेल फाइली साठल्या होत्या आणि त्यात एकेक नाव दोन-तीनदा आलेलं. मी मूळचा चोपड्याचा, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. दोन शनिवार बसलो आणि नाव, आडनाव, जन्मतारीख जुळली की एक नोंद काढून टाकायची, असा प्रोग्राम लिहून दिला. पुण्यात असंच करतात आणि ते चालतं.

सातपुड्यात चालत नाही. अख्ख्या पाड्याचं आडनाव पावरा नाहीतर वसावे असतं. शाळेत नाव घालताना गुरुजींनी बहुतेकांची जन्मतारीख १ जून टाकलेली असते. वडिलांच्या नावाचा रकाना अर्धा रिकामा होता म्हणून मी तो विचारातच घेतला नव्हता. कार्यकर्त्या ताईंनी लांब रजिस्टर उघडलं आणि ओळीखाली बोट धरून मोजायला सुरुवात केली. वहीत ४१, माझ्या यादीत ३३. एका ओळीवर बोट थांबवून त्या म्हणाल्या, "दादा, या दोघी एक नाहीत. ही नदीकडच्या घरातली, ती वरच्या घरातली." त्यातल्या एकीला दर महिन्याला गोळ्या पोचवायच्या होत्या.

तेव्हापासून मी कुठल्याही संस्थेत पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडत नाही. सीए, वकील, डिझायनर, इंजिनिअर, सगळ्यांनाच माझं हे सांगणं आहे. आपण पैसे घेत नाही म्हणून आपली चूक संस्थेला स्वस्तात पडते असं नाही. ती निस्तरायला त्यांचीच माणसं बसतात, आणि ती माणसं मुळातच कमी असतात.

उत्तर घरून घेऊन जाणं

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच. "तुम्हाला ॲप करून देतो," "तुमची वेबसाइट जुनी झाली आहे," अशी सुरुवात होते. अडचण काय आहे ते कुणी विचारत नाही. अक्कलकुवा-धडगावकडच्या बऱ्याच भागात मोबाइलला रेंज मिळत नाही, हे आता शहरातल्यांनाही ठाऊक आहे. रेंज असलेल्या ठिकाणीही काम अडतं ते भाषेवर. फॉर्म प्रमाण मराठीत, विचारणारी अहिराणी बोलणारी आणि उत्तर देणारी आजी पावरी बोलणारी. "कुटुंबप्रमुखाशी नाते" या रकान्यात काय लिहायचं, ते तिघींना मिळून ठरवावं लागतं. एक दिवस कार्यकर्त्यांबरोबर नुसतं फिरा. त्या कुठल्या वहीत काय लिहितात, कुठला रकाना सोडून देतात, कुठे स्वतःची खूण करतात ते बघा. मला पुढे कळलं की ताईंच्या वहीत प्रत्येक नावापुढे पाड्याचं नाव होतं. तीच खरी ओळख होती आणि ती माझ्या फाइलीत आलीच नव्हती.

लेखी काही न ठरवणं

लोगो करून देतो म्हणून आलेल्या मुलीकडे पुढे पत्रक येतं, मग वार्षिक अहवाल, मग कुणाच्या तरी सत्काराचं बॅनर. ती फोन उचलणं बंद करते. संस्थेलाही रागावता येत नाही. धर्माच्या गाईचे दात कोण मोजणार? दोघंही मनातल्या मनात कुढत राहतात.

यावर उपाय एका पानाचा आहे. काम कोणतं, कधीपर्यंत, दुरुस्त्या किती वेळा, संस्थेकडून कोण बोलणार (एकच माणूस हवा, विश्वस्त मंडळातले सातही जण नकोत) आणि काम संपल्यावर ते कोण सांभाळणार. त्यावर दोघांच्या सह्या. विनामोबदला कामाला कागद कशाला, असं अध्यक्ष हमखास म्हणतात. नम्रपणे आग्रह धरा.

सगळं स्वतःच्या नावावर घेणं

घाईत वेबसाइटचं डोमेन (तिचा इंटरनेटवरचा पत्ता) स्वयंसेवक स्वतःच्या ईमेलवर घेतो. दोन वर्षांनी त्याची नोकरी बदलते, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या मेलवर जाते आणि संस्थेची वेबसाइट बंद पडते. ओटीपी त्याच्याच फोनवर येणार असतो.

असं झालंच असेल तर आधी त्या माणसाला शोधा. भांडू नका, बहुतेक वेळा तो बिचारा विसरलेला असतो. संस्थेच्या नावाचा एक ईमेल काढा, डोमेन, वेबसाइटची जागा आणि फेसबुक पान त्यावर वर्ग करून घ्या. पासवर्ड कागदावर लिहून सचिव आणि खजिनदार दोघांकडे ठेवा. नोंदणीकृत संस्थांना गुगलची कार्यालयीन ईमेल सेवा पात्रता तपासून विनामूल्य मिळते, त्यासाठी अर्ज करता येतो.

वेबसाइटवाल्यांना आणखी एक सांगायचंय. उत्साहात "देणगी द्या" बटण लावताना परदेशी कार्ड चालू ठेवू नका. संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर तिला परदेशी देणगी घेता येत नाही. नोंदणी असली तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. परदेशात राहणारा पण भारतीय नागरिक असलेला माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. त्याच घरातला अमेरिकन नागरिकत्व घेतलेला भाऊ देत असेल तर धरतात. हा फरक तुमच्या बटणाला कळत नाही, म्हणून लावण्याआधी संस्थेच्या सीएला विचारा.

सीए आणि वकिलांसाठी

हिशोब लिहिणारा आणि ऑडिट करणारा एकच माणूस नको. "मी दोन्ही करून देतो" हे प्रेमापोटी म्हटलं जातं, पण ऑडिटला अर्थच उरत नाही. तुमची मदत वह्या लावायला, पावतीपुस्तकं जुळवायला वापरा आणि ऑडिट दुसऱ्याला करू द्या. आणि मार्चअखेरीस येऊ नका. तेव्हा तुम्हालाही वेळ नसतो. जून-जुलैमध्ये मागच्या वर्षाच्या पिशव्या उपसायला बसा.

विश्वस्त बदलले तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. खेड्यातल्या कित्येक संस्थांचे अर्ज वर्षानुवर्षं राहिलेले असतात. वारलेले विश्वस्त कागदावर तसेच असतात आणि बँक सही मान्य करत नाही. खानदेशातला एखादा वकील दोन महिने फक्त एवढंच करून देईल तर संस्थेचा श्वास मोकळा होईल. हे काम कुणाच्या फोटोत येत नाही, म्हणूनच ते राहून जातं.

कोर्टातली केस मात्र विचार करून घ्या. अर्ध्यात सोडली तर पक्षकार उघड्यावर पडतो. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ खाली उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. आधी तो रस्ता दाखवा.

वेळ आणि फोटो

होळीच्या आधी आदिवासींचे भोंगऱ्याचे बाजार भरतात, तेव्हा प्रशिक्षण ठेवलं तर खुर्च्याच रिकाम्या दिसतील. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सासुरवाशिणी माहेरी असतात. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे जातात, तेव्हा सर्वेक्षण केलंत तर निम्मी घरं कुलपात सापडतील.

आणि मुलांचे फोटो, रुग्णांच्या याद्या स्वतःच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, कामाच्या नमुन्यांत टाकू नका. काम झालं की तुमच्या लॅपटॉपमधली प्रत पुसा.

कंपनीतर्फे जाणाऱ्यांसाठी: कर्मचाऱ्यांनी विनामोबदला दिलेल्या तासांची किंमत लावून ती सीएसआर (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या) खर्चात दाखवता येत नाही, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. संस्थेकडून तशी पत्रं मागू नका.

काम अडकलंच तर

स्वयंसेवकाने गप्प बसणं हे सगळ्यात वाईट. "मला पुढचे तीन महिने जमणार नाही" एवढं एका ओळीत कळवा, झालं तेवढं काम संस्थेच्या मेलवर पाठवा. संस्थेनेही वर्षभर वाट बघू नये. दोन फोन, एक पत्र आणि पंधरा दिवस, मग दुसरा माणूस शोधावा.

हस्तांतराच्या दिवशी मी आता एकच गोष्ट करतो. ताईंना खुर्चीत बसवतो, मी मागे उभा राहतो, हात खिशात. त्या स्वतः नोंद घालतात, शोधतात, यादी छापतात. जिथे जिथे त्या थांबून माझ्याकडे बघतात ती जागा वहीत लिहून घेतो. मागच्या वेळी अशा अकरा जागा निघाल्या आणि शहाद्याला परतायची एसटी मी दुसऱ्या दिवशीची धरली.