शवविच्छेदनात रक्तस्राव वाचताना या चुका टाळा

जनावर मेलं, पोट उघडलं, आत लाल दिसलं आणि अहवालात 'अंतर्गत रक्तस्रावामुळे मृत्यू' असं लिहून विम्याचा कागद पुढे सरकला. असा अहवाल हातात आला की पहिला प्रश्न पडतो: रक्त आलं कुठून? मग किती आलं, का आलं, आणि जिवंतपणी आलं की मेल्यावर? रक्तस्राव हे निदान नाही, ती फक्त खूण आहे. बऱ्याचदा तर जे लाल दिसतं तो रक्तस्रावही नसतो. शेवटच्या वर्षाला असलेल्या किंवा नुकत्याच दवाखान्यात रुजू झालेल्या पशुवैद्यकांसाठी हे लिहितोय, पण पहिला मुद्दा पशुपालकांनीही वाचावा.

सुरी उचलण्याआधी

कालपर्यंत धडधाकट असलेली गाय सकाळी मेलेली सापडते. नाकातून, गुदद्वारातून डांबरासारखं काळसर रक्त येतंय आणि ते गोठत नाही. पोट झपाट्याने फुगलंय, पाय नीट ताठरलेले नाहीत. हे शव उघडायचं नाही. काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, संशय इथेच घ्यायचा. शव बंद राहिलं तर आतले जंतू कुजण्याच्या प्रक्रियेत मरत जातात. उघडलं की हवा लागून त्यांचे बीजाणू बनतात आणि ते त्या मातीत कित्येक दशकं टिकतात. शिवाय हा रोग माणसाला होतो. म्हणून हातमोजे घालून कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घ्या, काचपट्टीवर स्मिअर, म्हणजे पातळ थर, करा आणि पॉलीक्रोम मिथिलीन ब्लू या रंगाने रंगवा. चौकोनी टोकांच्या निळ्या दांड्या आणि भोवती गुलाबी आवरण दिसलं की सुरीची गरजच उरत नाही. हा रोग कळवणं २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याने बंधनकारक आहे. रक्त बाहेर आलेलं नाही म्हणून काळपुळी नाही असंही समजू नका. अचानक मृत्यू आणि त्या गावात पूर्वी झालेली लागण एवढंही स्मिअर काढायला पुरेसं आहे.

मेल्यानंतरची लाली

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. हृदय थांबलं की रक्त वजनाने खाली उतरतं. डाव्या कुशीवर पडलेल्या म्हशीचं डावं फुफ्फुस, डावं मूत्रपिंड आणि त्या बाजूची कातडीखालची ऊती जांभळट होते, वरची बाजू फिकट राहते. याला मार किंवा न्यूमोनिया म्हणायच्या आधी जनावर कुठल्या कुशीवर पडलं होतं हे विचारून घ्या. मग संशयित जागेवर छेद द्या आणि ती नळाच्या बारीक धारेखाली धरा. वाहिन्यांत साठलेलं रक्त असेल तर कापलेल्या तोंडांतून ओघळून जागा फिकी पडते. ऊतीत मुरलेलं रक्त बोटाने चोळलं तरी निघत नाही.

शव शिळं झालं की तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांचा रंग आजूबाजूला झिरपतो. हृदयाचं आतलं अस्तर आणि महाधमनीची भिंत एकसारखी गुलाबी-लाल होते. रक्तस्रावाला ठिपका असतो, कडा असते; हा रंग कापडाला लागलेल्या रंगासारखा सपाट पसरतो. छातीत लालसर पाणी साठणं हाही याच प्रकारातला भाग. खरं रक्त दाट असतं आणि सोबत बहुधा गुठळ्या सापडतात. नुसतं पातळ गुलाबी पाणी बघून छातीत रक्तस्राव झाला असं लिहू नका. मे महिन्यात दुपारी मेलेल्या जनावराबाबत तर संध्याकाळीच सावध राहायला हवं.

गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांत महाधमनीच्या कडेने, चरबीत, मसूरडाळीपासून वाटाण्याएवढे गर्द लाल-काळे मणी दिसतात. त्या हिमल ग्रंथी. निरोगी जनावरातही त्या तशाच असतात. नवखा माणूस त्यांना 'रक्ताळलेल्या लसिका ग्रंथी' म्हणून नोंदवतो आणि वाचणारा उगाच साथीच्या रोगाचा विचार करत बसतो. कत्तलखान्यातल्या फुफ्फुसांत दुसरा फसवा प्रकार असतो. गळा कापताना श्वासासोबत रक्त आत ओढलं जातं आणि काही खंडिका लाल, काही गुलाबी असा बुद्धिबळाच्या पटासारखा नमुना उमटतो. श्वासनलिकेपासून खाली कापत गेलात तर नळ्यांमध्ये तेच रक्त सापडतं. बार्बिट्युरेट हे गुंगीचं औषध देऊन दयामरण दिलेल्या कुत्र्याची प्लीहाही (पाणथरी) रक्ताने तट्ट फुगते. तो औषधाचा परिणाम आहे.

ठिपके काय सांगतात

टाचणीच्या टोकाएवढे, एक-दोन मिलिमीटरचे ठिपके; त्याहून मोठे, दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतचे चट्टे; ब्रशने फटकारा मारल्यासारखे पट्टे; आणि पोकळीत साठून गाठ झालेलं रक्त. हे प्रकार पाठ असतात, पण आकारामागचं कारण सुटून जातं. वाहिनी फाटली की रक्त ढिगाने येतं: मार, गळूने किंवा गाठीने पोखरलेली भिंत, चौथ्या पोटाचा व्रण. वाहिनी न फाटता भिंतीच्या फटींतून पेशी निसटल्या की ठिपके उमटतात. त्यामागे जंतूंचं विष, विषाणू, ऑक्सिजनची कमतरता किंवा प्लेटलेटची घट असते. म्हणून प्लीहा फुटली आणि मूत्रपिंडावर ठिपके आले, या दोन गोष्टी एकाच वाक्यात 'रक्तस्राव' म्हणून गुंडाळू नयेत.

ठिपक्यांच्या बाबतीत हृदयाने जास्त लोकांना फसवलंय. हृदयाच्या बाहेरच्या आवरणावर, चरबीच्या खाचेलगत चार-सहा ठिपके तडफडून मेलेल्या कुठल्याही जनावरात सापडतात. त्यावरून पावसाळ्यात सरसकट 'घटसर्प' हा जिवाणूजन्य रोग लिहिला जातो. घटसर्पात गळ्याखाली पिवळट चिकट सूज असते, ताप असतो, मृत्यू लवकर येतो, आणि ठिपके एका हृदयापुरते न राहता इतर आवरणांवरही विखुरलेले असतात. गळ्याला छेद न देताच हृदयावरून निकाल देणं ही घाई आहे.

प्रमाणही लिहा. जनावराच्या वजनाच्या साधारण सहा ते आठ टक्के रक्त असतं, म्हणजे ४०० किलोच्या म्हशीत पंचवीस-तीस लिटर. त्यातलं एक तृतीयांश झटकन गेलं तर जीव जाऊ शकतो. पोटातलं रक्त मगाने मोजून काढा, 'भरपूर' लिहू नका. हृदयावरणात मात्र थोडंसं रक्तही हृदय दाबून मारतं. आणि कधी रक्त गेलेलं असतं पण दिसत नाही. हिमाँकस हा मेंढ्यांच्या चौथ्या पोटातला कृमी दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. पाच हजार कृमी असतील तर रोज पाव लिटर गेलं. जबड्याखाली सूज, डोळ्यांच्या पापण्या पांढऱ्याफटक आणि शवात एकही लाल ठिपका नाही. अशा मेंढीचं चौथं पोट न उघडता 'अशक्तपणा' लिहिलं तर उरलेला कळपही जातो.

एका खुणेवर रोगाचं नाव

कोंबडीच्या ग्रंथिल जठरावर, ग्रंथींच्या टोकांना लाल ठिपके दिसले की राणीखेत हा विषाणूजन्य रोग, हे समीकरण घट्ट बसलंय. पण तीव्र बर्ड फ्लूतही तिथेच रक्तस्राव होतो. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला निश्चित झाला. तुरा निळा पडणं, पायाच्या नळीवर कातडीखाली रक्त आणि मोठी मर असेल तर उघडझाप थांबवा आणि वरिष्ठांना कळवा. मांडीच्या स्नायूंतल्या लाल रेघा म्हणजे गंबोरो हा कोंबड्यांचा विषाणूजन्य रोग, हेही तसंच. सल्फा औषधांची जादा मात्रा किंवा बुरशी लागलेलं खाद्य हेच चित्र दाखवू शकतं, म्हणून बर्सा, म्हणजे गुदद्वाराजवळची गंबोरोत बिघडणारी ग्रंथी, उघडून बघा. शेळीच्या गुदाशयातले झेब्र्यासारखे पट्टे पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य रोगात दिसतात, पण हगवणीने सतत कुंथणाऱ्या शेळीतही दिसतात. तोंडातले व्रण आणि नाकातला स्राव जुळला तरच ते नाव घ्या.

गोठत नाही तेव्हा

शरीरात जागोजागी, सांध्यांत, छातीत, कातडीखाली रक्त आणि माराची खूण कुठेच नाही, असा कुत्रा समोर आला की उंदरांच्या औषधाची चौकशी करा. ही विषं व्हिटॅमिन के चं काम अडवतात. यकृतात रक्त गोठवणारे दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे घटक नीट तयार होत नाहीत, आणि आधीचे घटक संपेपर्यंत कुत्रा ठीक दिसतो. लक्षणं साधारण तीन ते पाच दिवसांनी येतात, त्यामुळे मालक 'काही खाल्लं नाही' असं मनापासून सांगतो. प्रश्न 'आज काय खाल्लं' असा न विचारता 'गेल्या आठवड्यात घरात, शेजारी, गोदामात औषध टाकलं होतं का' असा विचारा. नाकातून रक्त, सोबत गोचिडं आणि ताप असेल तर एर्लिकिया हा गोचिडांतून पसरणारा जंतू आठवा. तिथे प्लेटलेट कमी असतात आणि मोठ्या गाठींऐवजी ठिपके जास्त दिसतात.

सापाच्या विषानेही रक्त गोठत नाही: कोकणात फुरसं आणि सगळीकडेच घोणस. दंशाच्या जागी कातडी सोलली की खाली काळपट रक्त आणि जेलीसारखी सूज स्नायूंपर्यंत गेलेली दिसते. केस भादरल्याशिवाय दाताच्या खुणा सापडत नाहीत, म्हणून सुजलेल्या पायावर आधी वस्तरा फिरवा. जनावर जिवंत असेल तर स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त वीस मिनिटं न हलवता ठेवा. प्लॅस्टिकची नळी चालत नाही. शेजारी निरोगी जनावराचं रक्त तसंच ठेवा, नाहीतर 'गोठलं नाही' याला अर्थ उरत नाही.

लाल लघवी

लाल लघवी म्हणजे रक्त, हे गृहीत धरू नका. नमुना काचेच्या नळीत उभा ठेवा. तळाशी लाल थर बसून वरचं पाणी निवळलं तर रक्तपेशी आहेत, मूत्रमार्ग तपासा. तासाभरानेही सगळं एकसारखं लाल किंवा कॉफीच्या रंगाचं राहिलं तर बहुधा हिमोग्लोबिन आहे. मग बबेसिया हा गोचिडांतून येणारा रक्तातला परजीवी बघा, आणि व्यायलेली म्हैस असेल तर फॉस्फरसची कमतरता. मूत्राशयात रक्तस्राव शोधत बसलेल्याला तिथे काहीच मिळत नाही, आणि म्हशीला लागणारं औषध मात्र वेगळंच असतं.

नमुना पाठवताना

रक्ताळलेली ऊती साध्या, आम्लयुक्त फॉर्मेलिनमध्ये ठेवली तर तपकिरी-काळे कण तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते जुन्या रक्तस्रावाच्या लोहकणांसारखे भासतात आणि 'दोन-तीन दिवसांपूर्वीचा मार' असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. खऱ्या लोहकणांना प्रशियन ब्लू ही रंगचाचणी निळा रंग देते, या कणांना देत नाही. दहा टक्के बफर्ड फॉर्मेलिन घ्या, ऊतीच्या दहापट, आणि तुकडा सेंटिमीटरपेक्षा जाड नको. अख्खी प्लीहा बाटलीत कोंबली तर मधला भाग कुजून येतो. फॉर्मेलिनच्या बाटल्या बर्फात गोठवू नका. जंतूंच्या तपासणीचा तुकडा वेगळा, फॉर्मेलिनविना, थंड. चिठ्ठीवर मृत्यूची वेळ, शव उघडल्याची वेळ आणि जनावर कुठल्या कुशीवर पडलं होतं ते लिहा. पुण्यातल्या औंधच्या पशुरोग प्रयोगशाळेत बाटली पोहोचते तेव्हा तपासणाऱ्याला शव दिसत नसतं.